जुनी कॅरॅव्हान बघायला पावसात जा

आईला फोनवर सांगितलं, "आम्ही कॅरॅव्हान घेतली." ती म्हणाली, "बरं झालं. जुनी गाणी आहेत का त्यात?" पाच हजार गाणी वाजवणारा तो रेडिओ तिच्या उशाशी असतो, त्यामुळे चूक तिची नव्हती. मी गाडीच्या मागे हुकाला लावून ओढत न्यायची चाकांवरची खोली म्हणत होते. ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात मोटरवेवर दर दोन मिनिटांनी दिसते ती.

इथल्या मराठी घरांमध्ये हल्ली हा विषय निघतो. मुलं लहान, हॉटेलं महाग, बाहेर शाकाहारी खाण्याचे हाल. स्वतःच्या चुलीवर पोहे करता येतील अशी सोय हवी असते. नवी कॅरॅव्हान परवडत नाही, म्हणून बारा-पंधरा वर्षं जुनी शोधायची. इथे एक गोष्ट मनात पक्की ठेवा: जुन्या मोटारीला दरवर्षी एमओटी ही सक्तीची तपासणी लागते, ओढायच्या कॅरॅव्हानला लागत नाही. म्हणजे समोर उभी असलेली कॅरॅव्हान गेल्या दहा वर्षांत कोणी तपासली होती असं सांगणारा एकही सक्तीचा कागद नसतो. तपासायचं ते तुम्हीच.

कॅरॅव्हानच्या आधी आपली गाडी

लोक आधी कॅरॅव्हानच्या प्रेमात पडतात आणि मग विचारतात, "आमची गाडी ओढेल ना?" क्रम उलटा हवा. गाडीच्या नोंदणीपत्रावर, म्हणजे व्ही-फाइव्ह-सीवर, ब्रेक असलेला ट्रेलर किती वजनाचा ओढता येईल तो आकडा असतो. त्या रकान्यात शून्य असेल तर विषय संपला. बऱ्याच छोट्या हायब्रिड आणि काही इलेक्ट्रिक गाड्यांना ओढायची परवानगीच नसते.

कॅरॅव्हानच्या दाराजवळ एक पट्टी चिकटवलेली असते, तिच्यावर एमटीपीएलएम नावाचा आकडा असतो. सामानासकट ती जास्तीत जास्त किती भरावी याची ती मर्यादा. नवशिक्यांसाठी इथला जुना सल्ला असा, की हा आकडा तुमच्या गाडीच्या रिकाम्या वजनाच्या 85 टक्क्यांच्या आत असावा. हा कायदा नाही, पण वाऱ्याचा झोत आणि शेजारून जाणारा ट्रक एकदम आला की त्याची किंमत कळते.

त्याच पट्टीवर रिकाम्या कॅरॅव्हानचं वजनही असतं. दोन्हींतला फरक म्हणजे तुमच्या वाट्याचं सामान. जुन्या कॅरॅव्हानमध्ये तो बऱ्याचदा दीडशे किलोच्या आसपास भरतो. त्यातच बॅटरी, तंबूसारखं ऑनिंग, रिमोटवर चालणारा मूव्हर बसवलेला असेल तर तो, आणि वर आपला कुकर, कणकेचा डबा आणि "असू दे, लागेल" म्हणून घेतलेलं सगळं. हिशोब आधी करा.

लायसन्सबद्दल जुनी माहिती अजून फिरते. 1 जानेवारी 1997 नंतर मोटारीची परीक्षा पास झालेल्यांना मोठी कॅरॅव्हान ओढायला पूर्वी वेगळी परीक्षा द्यावी लागायची. 16 डिसेंबर 2021 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये ती अट गेली. साध्या ब्रिटिश कार लायसन्सवर 3,500 किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो.

आणि ती उभी कुठे करणार? नव्या वसाहतींमध्ये घराच्या कागदपत्रांत अनेकदा "अंगणात कॅरॅव्हान उभी करू नये" असं कलम असतं. घर घेताना आपण ते वाचलेलं नसतं, शेजाऱ्याने मात्र वाचलेलं असतं. स्टोरेज यार्डचं वर्षाचं भाडं आणि विमा धरूनच बजेट ठरवा.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. हंगाम संपलेला असतो, हिवाळाभर स्टोरेजचं भाडं भरायचा विकणाऱ्याला कंटाळा आलेला असतो, आणि मुख्य म्हणजे पाऊस असतो. शक्यतो दोन दिवस झड लागून गेल्यावर जा, नाहीतर चालू पावसातच जा. छत्री घेऊन आलेलं गिऱ्हाईक बघून विकणारा हसेल, हसू दे.

आम्ही पहिली कॅरॅव्हान जुलैतल्या एका लख्ख दिवशी बघितली. 2004 सालची, चार बर्थची. सगळ्या खिडक्या उघड्या, आत कॉफीचा दरवळ, कोपऱ्यात सुगंधी काड्यांची बाटली. पुढच्या सीटखालच्या पेट्यांमध्ये पांघरुणं गच्च भरलेली होती. ती बाहेर काढायला सांगणं बरं दिसणार नाही, असं आम्हाला वाटलं. भिडस्तपणा महागात पडतो तो असा. ऑक्टोबरमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, दार उघडलं, आणि आजोळच्या माळ्यावर श्रावणात येतो तो वास आला. वर्कशॉपमध्ये आतली पट्टी काढली तर मागचं लाकूड चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं हातात आलं. दुरुस्तीचा आकडा आम्ही दिलेल्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होता.

म्हणून या लेखात बाकी सगळं ओझरतं आणि ओल सविस्तर. टायर बदलता येतात, बॅटरी नवी मिळते, फ्रिजसुद्धा बदलता येतो. ओल मुरलेली कॅरॅव्हान मात्र उकलून पुन्हा बांधावी लागते.

ओल

आधी ती येते कुठून ते समजून घेऊ. जुन्या कॅरॅव्हानची भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये फोम आणि आत कागद चिकटवलेलं पातळ प्लायवूड. जिथे दोन पत्रे भेटतात तिथे वरून ॲल्युमिनियमची पट्टी आणि तिच्या खाली मस्तकी, म्हणजे पाणी रोखणारं सीलंट. हे सीलंट वर्षांनी सुकतं आणि त्याला भेगा पडतात. मग पाणी पट्टीच्या स्क्रूच्या भोकातून थेट लाकडात जातं. आतून काही दिसेपर्यंत कधीकधी दोन-तीन वर्षं गेलेली असतात. (अलीकडच्या बऱ्याच कॅरॅव्हानमध्ये सांगाड्यात लाकूड फारसं वापरत नाहीत, पण आपल्या बजेटमध्ये येतात त्या बहुतेक लाकडीच.)

पहिलं हत्यार म्हणजे नाक. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा की दारं-खिडक्या बंद ठेवा, मी आल्यावरच उघडा. दार उघडल्यावरचा पहिला श्वास महत्त्वाचा, कारण दहा मिनिटांत नाक सरावतं. पावसाळ्यात वाढलेल्या माणसाला कुबट वास शिकवावा लागत नाही. एअर फ्रेशनरचा मारा असेल तर वास लपवलाय असं समजूनच पुढे बघा.

मग टॉर्च. सगळ्या गाद्या उचला, सगळी कपाटं आणि सीटखालच्या पेट्या रिकाम्या करा. रिकाम्या करायला सांगायचंच, लाजायचं नाही. चारही खालचे कोपरे, पुढच्या मोठ्या खिडकीखालची सगळी पट्टी, मागच्या भिंतीचा तळ, छतावरच्या झरोक्यांची चौकट, चाकांच्या वरची पेटी, आणि छत व भिंत मिळतात ती रेघ. टॉर्च भिंतीवर सरळ मारू नका, भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपी धरा. फुगवटे आणि सुरकुत्या लगेच सावली पाडतात. तपकिरी डाग, काळे ठिपके, गंजलेल्या पिनांच्या खुणा आणि अलीकडेच लावलेला नवाकोरा कागद, या सगळ्यांवर संशय घ्या.

मग अंगठा. भिंतीवर दाबत दाबत जा. चांगलं प्लाय टणक लागतं. ओल धरलेलं आत दबतं, आणि फार झालं असेल तर पापडासारखं करकरतं.

शेवटी मीटर. दोन टोचण्या असलेला ओलीचा मीटर वीस-तीस पौंडांत मिळतो. तो दोन टोचण्यांमधल्या लाकडाचा विद्युत विरोध मोजून ओलाव्याची टक्केवारी दाखवतो. साधारण हिशोब असा: 15 टक्क्यांपर्यंत काळजी नाही, 15 ते 20 म्हणजे लक्ष ठेवा, 20 च्या वर म्हणजे पाणी कुठून येतंय ते शोधावं लागेल, आणि 30 च्या वर लाकूड बहुधा कुजायला लागलेलं आहे. टोचणीची बारीक भोकं पडतात, त्यामुळे आधी विचारा आणि पेटीच्या आत, पट्टीच्या कडेला, न दिसणाऱ्या जागी टोचा. मीटर फसतोही. मागे धातूची पिन असेल तर आकडा उगाच चढतो, थंडीत आतून दव धरलं असेल तरीही चढतो. म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नका. डावीकडच्या कोपऱ्यात 13 आणि उजवीकडच्या त्याच जागी 26 आले, तर तो फरक खरं बोलतोय.

आता बाहेर या. कॅरॅव्हानच्या चारही कोपऱ्यांवर हाताने धरून ढकलायच्या मुठी असतात. माणसं वर्षानुवर्षं त्या धरून हिसके देतात, मुठीमागचं सीलंट सुटतं आणि पाणी बरोबर तिथूनच शिरतं. मुठीच्या सरळ रेषेत आत भिंतीवर मीटर लावून बघा. ऑनिंगची रेल, वरचे छोटे दिवे आणि बाहेरच्या पेटीच्या दारांच्या कडा यांचंही तसंच. पत्र्यावर खालच्या बाजूला बारीक फोड आणि पांढरी भुकटी दिसली, तर आतल्या ओलीने ॲल्युमिनियम खायला सुरुवात केली आहे. कडेने ताज्या सिलिकॉनची जाड, ओबडधोबड रेघ ओढलेली असेल तर ती दुरुस्ती नव्हे, मलमपट्टी आहे. पाणी आत कोंडून ठेवायचं काम ती छान करते.

विकणाऱ्याकडे सर्व्हिसचे कागद असतील तर त्यात बहुधा कॅरॅव्हानचा नकाशा आणि जागोजागी ओलीचे आकडे लिहिलेले असतात. एकाच वर्षाचा कागद बघून समाधान मानू नका. एकाच कोपऱ्यात 14, पुढच्या वर्षी 16, मग 21 असं चढत गेलेलं दिसलं, तर गोष्ट तुमच्यासमोर लिहून ठेवलेली आहे.

जमीन

आत जाताना बूट बाहेर काढायची आपली सवय इथे कामी येते. नुसत्या मोज्यांवर हळूहळू चाला, विशेषतः दारापाशी आणि ओट्यासमोर. जमीनही सँडविचच असते: वर प्लाय, मध्ये फोम, खाली प्लाय, सगळं गोंदाने चिकटवलेलं. जिथे पाय जास्त पडतात तिथला गोंद सुटतो आणि जमीन पायाखाली गादीसारखी दबते, कुरकुरते. नुसतं एवढंच असेल तर घाबरू नका. प्लायमध्ये भोकं पाडून आत रेझिन सोडून ती पुन्हा चिकटवतात, हौशी माणसं घरीही करतात. किंमत मात्र खाली ओढा. भिंतीच्या कडेने जमीन मऊ लागत असेल तर तो गोंद नव्हे, पुन्हा ओलच.

चाकं आणि हुक

टायरची नक्षी बघून फसू नका. कॅरॅव्हान वर्षातले अकरा महिने उभीच असते, त्यामुळे टायर झिजत नाही, म्हातारा होतो. टायरच्या कडेला डॉट या अक्षरांनंतरचे शेवटचे चार आकडे बघा. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. पाच वर्षं झाली की बदलायचा विचार करा, सातच्या पुढे वापरू नका असा इथल्या कॅरॅव्हान क्लबांचा सल्ला आहे. कधीकधी आकडे आतल्या बाजूला असतात, मग खाली आडवं पडून बघावं लागतं. चटई न्या. खाली गेलाच आहात तर जमिनीची खालची बाजूही टॉर्चने बघून घ्या. स्टेपनीला विसरू नका.

हँडब्रेक ओढून कॅरॅव्हान ढकलून बघा. मागे ढकलताना ती जराशी सरकून मग घट्ट धरली, तर घाबरू नका, रिव्हर्ससाठीची रचनाच तशी असते. हुकाजवळ एक बारीक तार लोंबते. चालत्या गाडीमागून कॅरॅव्हान सुटलीच तर ही तार हँडब्रेक ओढते आणि मग तुटते. ती गंजलेली, पिळलेली किंवा गाठ मारलेली नको. नवी स्वस्त असते, पण गाठ दिसली तर मालकाचा स्वभाव कळतो.

साधारण 2008 पर्यंतच्या कॅरॅव्हानला विजेचे दोन प्लग असतात, प्रत्येकी सात पिनांचे. पुढच्यांना तेरा पिनांचा एकच. तुमच्या गाडीला दुसरा प्रकार असेल तर ॲडॅप्टर मिळतो, त्यासाठी सौदा सोडू नका. प्लग लावून सगळे दिवे मात्र तिथेच तपासा.

गॅस, वीज, पाणी

इथे एकच नियम: विकणाऱ्याने सगळं चालू करून दाखवायचं. "काल चालत होतं" याला अर्थ नाही. जायच्या आधीच फोनवर सांगा की विजेला जोडून ठेवा, सिलिंडर आणि पाणी तयार ठेवा.

फ्रिज तीन प्रकारे चालतो, 230 व्होल्टवर, गॅसवर आणि प्रवासात गाडीच्या 12 व्होल्टवर. तो गार व्हायला काही तास लागतात, म्हणून तुम्ही पोचायच्या बऱ्याच आधी तो चालू असायला हवा. शेगडीची ज्योत निळी हवी. रबरी नळीवर तारीख छापलेली असते, ती वाचा. निळ्या सिलिंडरमध्ये ब्युटेन, लाल सिलिंडरमध्ये प्रोपेन. शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनची वाफ होणं जवळजवळ थांबतं, त्यामुळे थंडीत जाणार असाल तर लालच. जमिनीत जाळीची छोटी भोकं दिसली तर वारा येतो म्हणून ती बुजवू नका. गळलेला गॅस जड असतो, तो खाली निघून जावा म्हणून ती ठेवलेली असतात. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर पहिल्याच दिवशी बसवा, आणि गॅसची यंत्रणा रीतसर नोंदणी असलेल्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय आत झोपू नका.

1990 च्या दशकातल्या अनेक कॅरॅव्हानमध्ये कार्व्हर या ब्रिटिश कंपनीचे हीटर आहेत. कंपनीने तो धंदा कधीच सोडला, त्यामुळे सुटे भाग मिळवताना दमछाक होते. चालू असेल तर उत्तम, बंद असेल तर "छोटंसं काम आहे" यावर विश्वास ठेवू नका.

पाणी तापवायचा बॉयलर हिवाळ्यात पाणी काढून टाकून ठेवावा लागतो. कोणी विसरलं की आतलं पाणी गोठतं आणि टाकी किंवा नळ तडकतात. म्हणून पाणी भरा, पंप चालवा, सगळे नळ सोडा आणि मग बाहेर येऊन खाली थेंब पडताहेत का ते पाच मिनिटं बघत बसा. टॉयलेटची पेटी बाहेर ओढून तिच्या झाकणाचं रबर तपासा. हातमोजे घाला, पुढचं सांगत नाही.

कागद आणि पैसे

कॅरॅव्हानला मोटारीसारखं सरकारी नोंदणीपत्र नसतं. 1992 पासून इथल्या बहुतेक उत्पादकांच्या कॅरॅव्हानची क्रिस या योजनेखाली नोंद होते. 17 अक्षर-आकड्यांचा नंबर चॅसिसवर आणि खिडक्यांच्या काचांवर कोरलेला असतो. तिन्ही ठिकाणी, म्हणजे कागद, चॅसिस आणि खिडक्या, नंबर एकच हवा. एखाद्या खिडकीवर नंबर खरवडलेला असेल तर नमस्कार करून निघा. थोडे पैसे भरून क्रिसकडून तपासणी करता येते, ती चोरीची आहे का, तिच्यावर कर्ज आहे का ते कळतं. क्रिसचा कागद ती कोणाच्या ताब्यात आहे एवढंच सांगतो, मालकी सिद्ध करत नाही, त्यामुळे जुनी खरेदीची पावतीही मागा. आणि बघायला विकणाऱ्याच्या घरीच जा. "मी पेट्रोलपंपापाशी घेऊन येतो" म्हणणाऱ्याकडे जायचंच नाही.

घरी आणताना

कॅरॅव्हान गाडीच्या मागच्या भागापेक्षा रुंद असेल तर जोडायचे जादा आरसे कायद्याने लागतात, आणि मागे तुमच्याच गाडीच्या नंबरची पाटी. मोटरवेवर ताशी 60 मैलांची मर्यादा, मध्ये दुभाजक नसलेल्या साध्या रस्त्यावर 50, आणि तीन लेनच्या मोटरवेवर सर्वात उजवीकडच्या लेनमध्ये जायचं नाही. हुकावर येणारं वजन कॅरॅव्हानच्या भरलेल्या वजनाच्या साधारण 5 ते 7 टक्के ठेवा, पण गाडीच्या आणि हुकाच्या मर्यादेत. पुढचा भाग हलका राहिला की कॅरॅव्हान शेपटीसारखी हलायला लागते. चाकं कधी काढून बसवली असतील तर तीसेक मैलांनंतर थांबून नट पुन्हा आवळा.

घरी आल्यावर लगेच पडदे धुवायला काढू नका. सगळ्या पेट्यांच्या कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि कपाटांच्या मागे कोरड्या टिशूचे तुकडे ठेवा. पहिला मोठा पाऊस होऊन गेला की टॉर्च घेऊन जा आणि एकेक उचलून बघा.